संक्रमणातल्या अर्थव्यवस्थेत ऊर्जाक्षेत्राचे उत्सर्जन घटवण्याचे पर्याय कसे तोलावेत?

ऊर्जाजिज्ञासू

नमस्कार. केंद्रीय नियोजनाकडून बाजारव्यवस्थेकडे आलेल्या देशांत, म्हणजे पूर्व युरोप आणि पूर्वीच्या सोव्हिएत संघातल्या देशांत, ऊर्जाक्षेत्रातून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवण्याचे पर्याय कसे तपासतात, यावर मी एक दीर्घ टिपण लिहीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९९२ च्या हवामान बदलविषयक करारात या देशांची स्थिती वेगळी मानली गेली आणि जबाबदाऱ्या पार पाडण्यात त्यांना थोडी मोकळीक मिळाली. १९९० हे पायाभूत वर्ष, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून घट मोजायची ते वर्ष, सर्वसाधारणपणे सगळ्यांना लागू होते, तरी पोलंड आणि बल्गेरियाने १९८८, रुमानियाने १९८९ आणि हंगेरीने १९८५ ते १९८७ ची सरासरी स्वीकारली, कारण १९९० येईपर्यंत त्यांचे उद्योग कोसळू लागले होते. इथपर्यंतचा इतिहास मला समजतो. अडचण पुढे येते.

बहुतेक अभ्यासांत प्रत्येक पर्यायाचा दर टन खर्च काढून ते पर्याय स्वस्तापासून महागापर्यंत एका आलेखात मांडलेले दिसतात. त्यात डावीकडचे कितीतरी पर्याय शून्याच्या खाली असतात, म्हणजे उत्सर्जन घटवून वर पैसेही वाचतात असा त्यांचा अर्थ होतो. मग हे पर्याय आपोआप अमलात का येत नाहीत? दुसरी शंका अशी की, ज्या देशाची अर्थव्यवस्था दहा वर्षांत अर्ध्यावर येऊ शकते आणि पुन्हा सावरू शकते, तिथे ‘काहीच केले नाही तर किती उत्सर्जन होईल’ याचा अंदाज कुठल्या आधारावर बांधायचा? आणि तिसरी शंका, हे पर्याय एकमेकांपासून सुटे मानून ओळीत मांडणे मुळात योग्य आहे का? ज्यांनी अशी गणिते प्रत्यक्ष केली आहेत त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उष्मांक

आपल्या पहिल्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन शंकाही शेवटी तिच्यापाशीच येऊन मिळतात. दर टन खर्च हा त्या यंत्राचा किंवा त्या पर्यायाचा अंगभूत गुण आहे असे समजून आपण आलेख वाचतो, आणि तिथेच फसगत होते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ या. या देशांतल्या शहरांमध्ये एका मोठ्या केंद्रात पाणी तापवून ते नळांच्या जाळ्यातून घराघरांत पोचवण्याची पद्धत आहे, तिला डिस्ट्रिक्ट हीटिंग म्हणतात. समजा, अशा एका शहरात जुने नळ बदलणे, त्यांना उष्णतारोधक वेष्टन घालणे आणि इमारतींच्या तळघरांत स्वयंचलित नियंत्रक बसवणे यासाठी २५ लाख युरो लागणार आहेत आणि त्यामुळे वर्षाला ५०,००० गिगाज्यूल नैसर्गिक वायू वाचणार आहे. नैसर्गिक वायूच्या ज्वलनातून दर गिगाज्यूलमागे सुमारे ५६.१ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे वर्षाला २,८०५ टनांची घट झाली. यंत्रणेचे आयुष्य वीस वर्षे धरू.

आता वटाव दर (डिस्काउंट रेट), म्हणजे पुढच्या काळातल्या पैशांचे आजचे मोल काढण्याचा दर, ५ टक्के घेतला तर भांडवलाचा वार्षिक भार सुमारे २,००,६०० युरो येतो. वायूची किंमत आयातीच्या भावाने दर गिगाज्यूल ६ युरो धरली तर बचत ३ लाख युरोंची होते. खर्चातून बचत वजा करून टनांनी भागले की उत्तर येते उणे ३५ युरो. हाच प्रकल्प, हेच नळ, हेच शहर. फक्त वटाव दर १२ टक्के केला की वार्षिक भार सुमारे ३,३४,७०० युरोंवर जातो आणि दर टन खर्च अधिक १२ युरो होतो. आता वायूची किंमत आयातीच्या भावाऐवजी सरकारने ठरवलेल्या स्वस्त देशांतर्गत दराने, समजा ३ युरोने, धरून पाहा. ५ टक्क्यांना उत्तर येते १८ युरो आणि १२ टक्क्यांना जवळपास ६६ युरो. उणे ३५ ते अधिक ६६ हा सगळा पल्ला एकाच कामाचा आहे, आणि त्यात अभियांत्रिकीचा एक आकडाही बदललेला नाही.

तेव्हा ‘पैसे वाचतात तर काम होत का नाही’ याचे उत्तर असे की, ज्या आकड्यांनी पैसे वाचताना दिसतात ते आकडे ज्याला गुंतवणूक करायची आहे त्याच्या वहीत नसतात. अभ्यास करणारा समाजाच्या बाजूने ५ टक्के आणि आयात किंमत धरतो. नगरपालिकेच्या मालकीच्या उष्णता कंपनीला मात्र स्वस्त वायू मिळत असतो, कर्ज चढ्या व्याजाने मिळते किंवा मिळतच नाही, आणि वाचलेल्या वायूचा फायदा पुढच्या वर्षीच्या दरनिश्चितीत नियामक काढून घेतो. १९९० च्या दशकात रशिया आणि युक्रेनमध्ये तर कितीतरी ग्राहक बिले भरतच नव्हते आणि जे भरत होते त्यांतले अनेक रोख रकमेऐवजी मालाच्या रूपाने भरत होते. ज्या इंधनाचे पैसेच चुकते होत नाहीत ते वाचवण्याची निकड कोणाला वाटणार? म्हणून माझा आग्रह असा की आपल्या टिपणात प्रत्येक पर्यायासमोर दोन आकडे द्यावेत, एक समाजाच्या दृष्टीने आणि दुसरा गुंतवणूकदाराच्या दृष्टीने. या दोहोंमधले अंतर हेच खरे धोरणाचे क्षेत्र आहे. त्या अंतराचे कारण प्रत्येक पर्यायात वेगळे असते आणि ते शोधण्यात आपला बहुतेक वेळ जायला हवा, आलेख सुबक करण्यात नव्हे.

ताळेबंद

आपल्या दुसऱ्या शंकेतल्या ‘काहीच केले नाही तर’ या अंदाजाबद्दल, म्हणजे बेसलाइनबद्दल थोडे. युक्रेनचे उत्सर्जन २००० सालापर्यंत १९९० च्या निम्म्याहूनही खाली आले होते, आणि ते कोणत्याही हवामान धोरणामुळे नव्हे, तर कारखाने बंद पडल्यामुळे. तरीही देशांच्या उत्सर्जनाला मर्यादा घालणाऱ्या क्योटो करारात, २००८ ते २०१२ या काळासाठी, रशिया आणि युक्रेन यांना १९९० च्या पातळीइतकेच उत्सर्जन करण्याची मुभा मिळाली. पोलंड आणि हंगेरीला ६ टक्के, तर बल्गेरिया, रुमानिया, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि बाल्टिक देशांना ८ टक्के घट करायची होती, आणि त्यांचीही प्रत्यक्ष पातळी आधीच त्याहून बरीच खाली होती. या न वापरलेल्या हक्कांना ‘हॉट एअर’ असे नाव पडले.

याचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. बेसलाइन फुगवली की तिच्या तुलनेत कोणताही प्रकल्प मोठी घट दाखवतो. एका देशातल्या प्रकल्पाची घट दुसऱ्या देशाच्या खात्यावर मांडू देणाऱ्या, क्योटोखालच्या संयुक्त अंमलबजावणीच्या यंत्रणेखाली जी घट-प्रमाणपत्रे दिली गेली त्यांतली बहुसंख्य रशिया आणि युक्रेनची होती, आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॉकहोम पर्यावरण संस्थेच्या अभ्यासाने त्या यंत्रणेतली सुमारे तीन चतुर्थांश प्रमाणपत्रे खऱ्या, अतिरिक्त घटीची नसावीत असा निष्कर्ष काढला. युक्रेनमधल्या प्रकल्पांत कोळसा खाणींच्या टाकाऊ ढिगाऱ्यांना लागणाऱ्या आगी टाळण्याचे प्रकल्प फार मोठ्या प्रमाणात होते. ढिगारा पेटला असता की नसता, हे नंतर कोण सिद्ध करणार?

मी स्वतः एकच बेसलाइन काढण्याच्या विरोधात आहे. किमान तीन काढाव्यात, आणि त्या केवळ राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाढीचा दर वर-खाली करून काढू नयेत. राष्ट्रीय उत्पन्नाला ठरावीक गुणकाने गुणून ऊर्जेची मागणी काढण्याची रीत स्थिर अर्थव्यवस्थेत चालून जाते. इथे पोलाद, सिमेंट आणि खत कारखान्यांचा उत्पादनातला वाटाच बदलत असतो, त्यामुळे उत्पन्न वाढत असताना ऊर्जेचा वापर घटू शकतो आणि पोलंडसारख्या देशात १९९० नंतर तसे घडलेही. कोणते उद्योग टिकतील, कोणती जुनी वीजकेंद्रे कोणत्या वर्षी निवृत्त होतील आणि इंधनाचे दर आयातीच्या भावाला कधी भिडतील, या तीन गोष्टी प्रत्येक चित्रात स्वतंत्रपणे लिहाव्यात. लीप किंवा टाइम्स यांसारखी ऊर्जेची संगणकीय प्रारूपे हे सगळे हिशेब करून देतात, परंतु त्यांत भरलेल्या गृहीतांपेक्षा अधिक शहाणपण त्यांच्यातून बाहेर पडत नाही.

ऊर्जाजिज्ञासू

दोघांचेही मनापासून आभार. उणे ३५ आणि अधिक ६६ हे गणित मी स्वतः पुन्हा करून पाहिले आणि ते जुळले. यावरून माझ्या मनात असा विचार येतो की, जर सगळे अडथळे शेवटी चुकीच्या किमतींपाशीच पोचत असतील, तर किमती सुधारणे हाच पहिला आणि सर्वांत स्वस्त पर्याय ठरत नाही का? मग नळ आणि नियंत्रक यांच्यासाठी वेगळी योजना करण्याचे कारण काय?

दीपस्तंभ

हा निष्कर्ष अर्धा बरोबर आहे, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग लोकांना फार महागात पडला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

किंमत हा संदेश आहे, पण तो मिळाल्यावर माणसाला काही करता आले पाहिजे. सोव्हिएत काळात बांधलेल्या साच्यातल्या काँक्रीट इमारतींमध्ये उष्णतेचे नळ बहुधा एकेरी आणि उभे असतात. वरच्या मजल्यावरून निघालेले गरम पाणी एकेका घरातून खाली उतरत जाते. घरात झडप नसते, मीटर नसतो, बिल घराच्या क्षेत्रफळावर येते. खोली फार तापली तर खिडकी उघडणे हाच एक उपाय उरतो. अशा कुटुंबाचे बिल तुम्ही दुप्पट केले तर त्याचा वापर रेसभरही कमी होत नाही, कारण वापर त्याच्या हातातच नाही. कमी होते ते त्याचे उरलेले उत्पन्न. तेव्हा मीटर, झडपा आणि तळघरातले नियंत्रक हे किंमतसुधारणेला पर्याय नाहीत, ती सुधारणा ज्यावर उभी राहील तो पाया आहेत, आणि क्रमाने ते आधी यायला हवेत. पुष्कळ अभ्यासांतून नेमका हा क्रम हरवलेला असतो, कारण दर टन खर्चाच्या आलेखाला काळाचा अक्षच नाही.

क्रम चुकल्यावर काय होते याची दोन उदाहरणे आहेत. बल्गेरियात २०१३ च्या फेब्रुवारीत हिवाळ्याच्या वीजबिलांवरून लोक रस्त्यावर उतरले आणि काही दिवसांतच सरकारला राजीनामा द्यावा लागला. कझाकस्तानात १ जानेवारी २०२२ पासून वाहनांना लागणाऱ्या द्रवरूप पेट्रोलियम वायूवरचे दरनियंत्रण पूर्णपणे उठले, दर वाढले, आणि झानाओझेन शहरात सुरू झालेली निदर्शने देशभर पसरून त्यात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. असंतोषाची कारणे अर्थातच अधिक खोल होती. तरीही ज्या तक्त्यात ‘दरसुधारणा: खर्च शून्य’ असे लिहिलेले असते, त्या तक्त्याने या दोन हिवाळ्यांकडे पाहिलेले नसते.

उलट बाजूचे एक चांगले उदाहरणही देतो. चेक प्रजासत्ताकाने क्योटोखालचे आपले जास्तीचे उत्सर्जन हक्क जपानसारख्या खरेदीदारांना विकले आणि त्या पैशांतून २००९ मध्ये घरांचे उष्णतारोधन आणि तापवण्याची जुनी साधने बदलणे यांसाठी अनुदान योजना चालवली. ताळेबंद यांनी ज्या हॉट एअरवर टीका केली आहे तिच्यातूनच, पैसा कुठे जाईल हे आधी बांधून घेतल्यामुळे, खऱ्या भिंतींवर खरे वेष्टन चढले. हक्क पोकळ होते म्हणून त्यातून काही चांगले निपजणारच नव्हते, असे मला वाटत नाही.

उष्मांक

दीपस्तंभ यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे, आणि आलेखात काळ नसतो हा मुद्दा मी माझ्या पहिल्या प्रतिसादातच लिहायला हवा होता.

आता तिसऱ्या शंकेबद्दल, पर्याय सुटे मानावेत का? मानू नयेत. वर मी दिलेल्या उदाहरणातली उष्णता साध्या बॉयलरमधून येत होती असे गृहीत धरले होते. ती सहवीजनिर्मिती केंद्रातून, म्हणजे एकाच इंधनातून उष्णता आणि वीज दोन्ही काढणाऱ्या केंद्रातून, येत असेल तर हिशेब पालटतो: उष्णतेची मागणी घटली की त्या केंद्रातून त्याच इंधनावर निघणारी वीजही घटते, आणि ती तूट दुसरे एखादे केंद्र भरून काढते. ते कोळशावर चालणारे, उष्णता वाया घालवणारे जुने केंद्र असेल तर आपण वाचवलेल्या टनांतला बराच भाग तिथल्या चिमणीतून बाहेर पडतो. म्हणजे उष्णतारोधन आणि सहवीजनिर्मितीचा विस्तार हे दोन्ही पर्याय आलेखात शेजारी शेजारी मांडून त्यांच्या घटीची बेरीज केली, तर तीच घट दोनदा मोजली जाते.

हेच विजेच्या बचतीलाही लागू आहे. वाचवलेल्या एका युनिटमुळे किती टन घटले हे त्या क्षणी कोणते केंद्र मागे घेतले गेले यावर ठरते. लिथुएनियाचे उदाहरण पाहा. इग्नालिना अणुवीजकेंद्र चालू होते तोवर देशाची बहुतांश वीज तिथूनच येई आणि देशांतर्गत हिशेबाने वीजबचतीचा हवामानाला होणारा लाभ फारसा दिसत नसे. युरोपीय संघातल्या प्रवेशाची अट म्हणून त्याचा पहिला संच २००४ च्या अखेरीस आणि दुसरा २००९ च्या अखेरीस बंद झाला, देश एकदम आयातीवर आणि वायूवर गेला, आणि काल कमी मोलाचे वाटणारे पर्याय आज महत्त्वाचे ठरले. त्याच देशाने पुढे डिस्ट्रिक्ट हीटिंगमधला रशियन वायू बाजूला सारून तिथे लाकडाचे तुकडे आणि अन्य जैवइंधन आणले आणि आता त्या जाळ्यांतल्या उष्णतेपैकी निम्म्याहून अधिक उष्णता जैवइंधनातून येते. हे करताना मुख्य प्रेरणा हवामानाची नव्हती, इंधनाच्या दराची आणि एकाच पुरवठादारावरच्या अवलंबनाची होती. दर टन खर्चाच्या तक्त्यात पुरवठ्याच्या सुरक्षिततेला रकानाच नसतो, म्हणून असे पर्याय त्यात मागे पडतात.

किर्गिझस्तानची गोष्ट याहूनही बोलकी आहे. तिथली बहुतांश वीज पाण्यापासून बनते, त्यामुळे कागदावर वीजक्षेत्रात घटवण्यासारखे फार काही नाही. पण सोव्हिएत संघ मोडल्यावर शेजाऱ्यांकडून येणारा वायू आणि कोळसा महागला, लोक घरे विजेवर तापवू लागले, आणि उन्हाळ्यात खालच्या देशांतल्या शेतीसाठी सोडले जाणारे टोक्तोगुल धरणाचे पाणी हिवाळ्यात विजेसाठी सोडावे लागले. तिथे घरांच्या भिंतींचे उष्णतारोधन हा एकाच वेळी वीज, पाणी आणि शेजारसंबंध या तिन्हींचा पर्याय आहे. टनांत मोजला तर तो नगण्य ठरेल.

ताळेबंद

एक छोटी पण आवश्यक पुस्ती. कोळशाऐवजी वायू हा पर्याय मांडताना मिथेन विसरू नये. दगडी कोळशाच्या ज्वलनातून दर गिगाज्यूलमागे सुमारे ९४.६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, वायूतून ५६.१ किलो, म्हणून फरक घसघशीत वाटतो. एका गिगाज्यूल वायूत साधारण २० किलो मिथेन असतो. उदाहरणादाखल त्यातला ३ टक्के वाटेत गळला असे धरा, म्हणजे ६०० ग्रॅम. क्योटोच्या पहिल्या काळात मिथेनचा गुणक, म्हणजे एक किलो मिथेन किती किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरायचा तो आकडा, २१ होता, तेव्हा ही गळती सुमारे साडेबारा किलोंच्या बरोबरीची मानली जाई. आता २८ धरतात, म्हणजे जवळपास १७ किलो. ५६ चे ७३ झाले आणि कोळशाशी असलेले अंतर निम्म्याच्या आसपास आले. अर्थात न्यायाने कोळशाच्या बाजूलाही खाणीतला मिथेन धरला पाहिजे, आणि युक्रेनमधले दोनबास, कझाकस्तानातले करागांदा किंवा पोलंडमधले अप्पर सायलेशिया इथल्या कोळसा खाणी या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत. तो मिथेन पकडून वापरणे हा मला या सगळ्या यादीतला सर्वांत दुर्लक्षित पर्याय वाटतो, कारण त्यात हवामानाबरोबरच खाणीत उतरणाऱ्या माणसांचे प्राणही वाचतात.

ऊर्जाजिज्ञासू

आता माझ्या टिपणाचा आराखडा बदलावा लागेल हे उघड आहे. प्रत्येक पर्यायासमोर दोन दृष्टींनी दोन आकडे, तीन बेसलाइन, आणि जे पर्याय एकमेकांवर परिणाम करतात त्यांचे सुटे आकडे न देता संच करून एकत्र हिशेब, असे मी ठरवले आहे. एकच शंका उरते. नवी वीजकेंद्रे बांधण्याचा पर्याय या चौकटीत कसा बसवावा? तो तर चाळीस वर्षांचा निर्णय असतो.

दीपस्तंभ

तिथे सर्वाधिक सावधगिरी हवी, कारण या देशांतली पुष्कळ केंद्रे १९६० ते १९८० च्या दशकांतली आहेत आणि ती बदलण्याची वेळ साधारण एकाच सुमारास येते. पोलंडमधल्या ओस्त्रोवेंका इथे कोळशावरच्या नव्या संचाचे काम २०१८ मध्ये सुरू झाले. त्याच सुमारास उत्सर्जन हक्कांच्या युरोपीय बाजारातला दर टन भाव, जो वर्षानुवर्षे दहा युरोंच्या खाली होता, चढू लागला आणि २०१९ मध्ये पंचवीस युरोंच्या आसपास पोचला. त्याच वर्षी, मुख्यतः या भावामुळे, एस्टोनियात ऑइल शेलवरच्या, म्हणजे तेल देणाऱ्या खडकावरच्या, विजेचे उत्पादन एकदम कोसळले. ओस्त्रोवेंकाचे काम २०२० मध्ये थांबवले गेले, उभे राहिलेले काँक्रीटचे मनोरे नंतर पाडावे लागले आणि त्या जागी वायूवरचे केंद्र ठरले. ज्या गणिताने हा संच मंजूर झाला त्यात टनाला दहा युरो धरले होते की वीस, यापेक्षा ‘हा भाव चौपट झाला तर आपण काय करू’ हा प्रश्न तिथे विचारला गेला होता का, हे महत्त्वाचे आहे.

बाजार असला म्हणजे भाव विश्वासार्ह असतोच, असेही नाही. कझाकस्तानने २०१३ मध्ये स्वतःची उत्सर्जन व्यापार व्यवस्था सुरू केली, २०१६ मध्ये ती स्थगित केली आणि २०१८ मध्ये पुन्हा चालू केली. अशा ठिकाणी चाळीस वर्षांच्या गुंतवणुकीला केवळ त्या भावाचा आधार देता येणार नाही. म्हणून मोठ्या केंद्रांसाठी दर टन खर्चाच्या शेजारी आणखी एक रकाना घालावा: निर्णय चुकला तर किती पैसे अडकतील आणि तो किती वर्षांनी मागे घेता येईल. या रकान्यात नळ, झडपा आणि भिंतींचे वेष्टन यांच्यासमोरचा आकडा फार लहान असेल, कारण ती कामे इमारत-इमारत करून होतात आणि इंधन कोणतेही आले तरी वाया जात नाहीत. मात्र त्यातही एक जागा जपून पाहावी लागते. ज्या शहराची लोकसंख्या घटत आहे तिथे नळांचे संपूर्ण जाळे जुन्याच व्यासाने नव्याने घातले, तर तोही अडकलेला पैसाच ठरतो. आधी इमारतींची उष्णतेची गरज कमी करावी आणि मग उरलेल्या गरजेच्या मापाने नळ घालावेत.